राबाच्या तुकड्यातले क्रोकस

२५ जानेवारी

गड्डे एकदाचे मातीत गेले! दिवाळीला लेकीने, रेश्माने, जर्मनीहून पायमोज्यात घालून आणले होते. क्रोकस म्हणतात. तिकडे थंडी सरता सरता बर्फातून वर येतात. ती नर्स आहे त्या हॉस्पिटलच्या दारात सगळं जांभळं होतं म्हणे. थंडी खाल्ल्याशिवाय फुलत नाहीत, म्हणून इतके दिवस फ्रिजमध्ये भाजीच्या खणात होते. यांचं रोजचं – कांद्यांना फ्रिज, आनि आमाला माठाचं पानी!

घरामागे राबाच्या तुकड्यात लावले. बाकी सगळी जमीन मुरमाड. भाताच्या रोपांसाठी तिथे दरवर्षी पाला-शेण पसरून भाजतो, त्यामुळे माती मऊ. भाजणं होळीनंतर. तोवर फुलून होईल. काठ्या रोवून यांना कोपरा दाखवून ठेवला.

३ फेब्रुवारी

काही नाही. यांनी पाला पसरला, माझा कोपरा तेवढा मोकळा सोडला.

रेश्माचा करार मार्चअखेर संपतो. पुढचं विचारलं की "बघू गो आई." पाच वर्षं झाली जाऊन.

८ फेब्रुवारी

आलं! बारीक पाती, मधे पांढरी रेघ. माझ्या जावेला, शकूला, बोलावून दाखवलं. तिने गवत म्हणून उपटायला हात घातला – ओरडलेच!

वेडगळपणा आहे, पण लिहून टाकते. हे थंडीतलं रोप इथल्या उन्हात टिकलं तर रेश्माही परत येईल, असं मनाने घेतलंय. यांनाही बोलून दाखवलं. तिच्या खोलीत मी अजून भाताची पोती ठेवू देत नाही. फार आठवण येते तिची.

१४ फेब्रुवारी

कळी! जांभळी. हेसुद्धा उकिडवे बसून बघत होते. "उंद्या-परवा उघडंल," म्हणाले. चक्क हसले.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

शकूबरोबर देवळात जाऊन आले. घरी यांनी फराळालाही हात लावला नाही. पित्त झालं असेल.

१६ फेब्रुवारी

धसईच्या बाजारातून परतले तर घरामागे धूर. यांनी राब भाजला! माझा कोपरा, काठ्या, सगळ्यासकट. होळीआधी कोण राब भाजतं? पाला वाळला होता म्हणे. वाटेल ते बोलले मी त्यांना. "ध्यानात नाय रायलं," एवढंच म्हणाले. मग गरम राखेत हात घालून चाचपत बसले. बोटं पोळली. मीच खोबरेल लावलं – रागात, पण लावलं. रडू थांबत नाही.

२० फेब्रुवारी

रेश्माला सांगायचा धीर होत नाही. रोज विचारते – फुललं का?

नाही, चुकलं. आज विचारलं नाही. चार दिवस तिने विचारलेलंच नाही.

२२ फेब्रुवारी

सांगितलं. ती म्हणाली, "आई, बाबांनी तुला सांगितलं नाय? मी इकडंच रायचं ठरवलंय. शिवरात्रीला फोन केलेला. बाबाच म्हनले, तू नको सांगू, आईला मी सांगतो."

म्हणजे ध्यानात होतं त्यांच्या. कळी उघडायच्या आत मला सांगायचं होतं, आणि तोंड उघडलं नाही, म्हणून कळीच भाजून टाकली.

हे ओटीवर पोळलेली बोटं धरून बसले होते. मी शेजारी जाऊन बसले.