आपल्या चिरंजीवांच्या यानावर हल्ला करण्याबाबत

कळसाडी, बुधवार, ३ जून २०२६

प्रकाशा मुक्कामी व्याही दोधूआप्पा यांना कळसाडीच्या भिकनचा दोन्ही हात मोकळे करून नमस्कार.

मोकळे करून म्हणालो, कारण ते पाच वर्षं गुंतलेले होते. सहा मिलिमीटर प्लायच्या एकसष्ट षट्कोनी फळ्या, प्रत्येक बाजू बत्तीस मिलिमीटर, कानशीने घासलेल्या. जळालेल्या मोटारींच्या तांब्याच्या तारेची बारा अंतराळयानं. अर्ध्या सुपारीचे अठ्ठेचाळीस घुमट (अडकित्त्याने सुपारी फुटते, म्हणून करवतीने कापल्या). ऑक्सिजनचे चाळीस वायसर (वायसर विकतचे, निळा रंग माझा). दोन सागवानी फासे, प्रत्येक सहाशे वेळा टाकून तपासलेला. आणि चौपन्न पत्ते. एवढं सगळं मी माझ्या हातांनी केलं. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे वाचाल त्यात या हातांचा दोष नाही.

आपला गुडघा, विहीणबाईंचं बीपी आणि नवी व्यालेली म्हैस, तिन्ही ठीक असावीत. (जसं आठवलं तसं विचारलं, क्रमाचा अर्थ काढू नये.) इकडे सर्व क्षेम आहे. स्वप्नाली आनंदात आहे. भूपेशराव धोंड्याच्या महिन्यासाठी म्हणून आले, त्यांचं वजन तीन किलोने वाढलं. मोटारीच्या काट्यावर मीच केलं, म्हणून आकडा पक्का समजावा.

आपणास ठाऊक आहे, मी दहावीला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा तसाच उठलो. वाइंडिंग शिकलो ते जळकी मोटार उघडून, आणि खेळ बनवायला शिकलो ते मोबाइलवर परदेशी लोकांना टेबलाभोवती भांडताना बघून. त्यांच्या खेळांत चुका फार. माझा खेळ असा आहे: सन २३१०, एक उजाड ग्रह, त्यावर चार वस्त्या. आपल्या पाळीला तीन कामं करायची. बर्फ खणा, घुमट बांधा, यान हलवा, काय हवं ते. ज्याच्याकडे आधी पंधरा ऑक्सिजन जमेल तो जिंकला. पण बर्फ खणून कोणालाही तेराच्या पुढे जाता येत नाही. हे मी मुद्दाम केलं. शेवटचे दोन दुसऱ्याचे हिसकावावेच लागतात, आणि जो पुढे जाईल त्याला बाकीच्या तिघांनी मिळून खाली ओढायचं. अख्खा खेळ या एका खिळ्यावर उभा आहे. मला वाटलं, आपल्या भागातल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागणार नाही. भाऊबंदकीत वाढलेला माणूस पुढच्याचा पाय जन्मतःच ओळखतो.

आधी पत्त्यांची भानगड झाली. पत्ते मी स्वप्नालीच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचे कापले होते (कागद उत्तम, तीनशे ग्रॅमचा). प्रत्येक पत्रिकेचे दोन तुकडे. आता एका तुकड्यावर मागे सोनेरी गणपती आला आणि दुसऱ्यावर आपलं नाव, आणि ऑक्सिजन गळतीची आठही पानं नेमकी आपल्या नावावर पडली. हे माझ्या धाकट्या भावाने, भिलाने, दुसऱ्याच डावात ओळखलं. मग तो पान उचलायच्या आधीच सांगायचा, दोधूआप्पा आले, आता गळती. सर्व पानांना मागून खाकी कागद डकवला आहे. आपण मनावर घेऊ नये.

खरी अडचण वेगळीच होती. खेळाला चार माणसं लागतात. मी, सौ. प्रमिलाबाई, भिला, आणि चौथे आपले चिरंजीव. शेजारचा ईश्वर एकदा बसला होता, पण एका फळीत किती एकर धरायचे एवढं विचारून उठला. आणि जावयाला उठा म्हणणारा माणूस आमच्या घरात अजून जन्मलेला नाही. तर पहिल्या डावात भूपेशराव बर्फ खणून तेरावर गेले. मी प्रमिलाबाईंना म्हणालो, तुझं यान शेजारी आहे, मार. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काही भलतंच बोललो. म्हणाल्या, "जवाई शे तो. त्यान्हा श्वास काढी लेऊ का मी, धोंडाना महिनामा?" आणि आपले दोन वायसर उचलून त्यांच्यापुढे ठेवले. झाले पंधरा. (अदलाबदलीला दोघांची संमती लागते असा माझाच नियम आहे, पण सासूला नाही कोण म्हणणार? बदल्यात काहीतरी घेतलंच पाहिजे, हे लिहायचं राहिलं होतं. आता लिहिलं आहे. आता त्या बदल्यात एक सुपारी घेतात.)

भिला मारेल म्हणावं तर त्याची नजर आपल्या रोटाव्हेटरवर. "दादा, तुन्हा ग्रह ऱ्हाऊ दे, माले याहीनं रोटाव्हेटर पाहिजे शे," असं तो भूपेशरावांच्या देखत म्हणतो आणि यान वळवून माझ्यावर येतो. स्वप्नाली त्याच्या जागी बसली की तीही माझ्यावरच येते. म्हणे, "नाना, आते मी त्यासनाकडली शे." वीस डाव झाले. एकोणीस भूपेशरावांनी जिंकले. विसावा ते जेवायला उठल्यामुळे अपुरा राहिला, तेव्हा तेच पुढे होते.

त्यांचा यात काही दोष नाही, मुलगा गुणी आहे. हरायचा मनापासून प्रयत्न करतो. एकदा त्यांनी वस्ती उल्का पडतात त्याच फळीवर नेऊन बसवली, तर प्रमिलाबाईंनी आपला घुमट काढून त्यांच्या डोक्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन मला हळूच म्हणाले, "मामा, एक डाव तरी हरावा माले. फुकटना श्वास कितला लेऊ?"

म्हणून चौदाव्या डावात मी मारलं. फासे टाकले, पाच आणि सहा, अकरा. नियमाप्रमाणे तीन वायसर घेतले. लग्नानंतर भूपेशरावांचा चेहरा इतका उजळलेला मी प्रथमच पाहिला. प्रमिलाबाई उठल्या, आत गेल्या आणि त्यांनी विहीणबाईंना फोन करून आमच्या माणसाकडून चूक झाली म्हणून माफी मागितली. विहीणबाई मोठ्या मनाच्या. राग नाही हे कळावं म्हणून दुसऱ्या दिवशी आपल्याकडून केळीचा घड आला. घड आला म्हणून आमच्याकडून साडी गेली. (आपण विचारत असाल ती मोरपंखी साडी कशाची, तर ती याची.) तोवर तीनाऐवजी सहा वायसर भूपेशरावांकडे परत पोचले होते आणि ते जिंकले होते. एका हल्ल्याला एक साडी, असं युद्ध कुठल्याच ग्रहाला परवडणार नाही.

हे मी का सांगतो? पुण्यात खेळ छापणारी एक कंपनी आहे. तिथल्या रिबेकाबाई मूळच्या आपल्या नवापूरकडच्या. त्यांनी माझ्याकडून वीस डावांचा तक्ता मागवला होता. चारही जागांना जिंकायची सारखी संधी आहे का, ते त्यांना बघायचं असतं. मी खोटा तक्ता करत नाही, जसा होता तसा पाठवला. त्यांचा फोन आला आणि त्या एक्केचाळीस सेकंद हसल्या. मग म्हणाल्या, रविवारी, चौदा तारखेला, मी स्वतः येऊन एक डाव बघते. पुढे गेलेल्याला बाकीचे खाली ओढू शकतात हे एकदा जरी दिसलं, तर खेळ आहे तसा छापू आणि खोक्यावर तुमचं नाव टाकू. नाही दिसलं, तर विषय संपला.

पाच वर्षं, दोधूआप्पा. आणि धोंड्याचा महिना संपतो पंधराला.

विहीणबाईंना नमस्कार, म्हशीच्या पारडीला आशीर्वाद.

आपला,
भिकन

ता. क. केळी गोड होती. कृपया आता काही पाठवू नये.

ता. क. दुसरा. एवढं लांबण लावलं ते पुढील दोन ओळींसाठी. त्या आपल्या हाताने लिहून, सही-तारखेनिशी, चौदाच्या आत पोचत्या कराव्यात: "आमचे चिरंजीव भूपेश यांच्या यानावर, घुमटावर व ऑक्सिजनवर सासरच्या मंडळींनी हल्ला केल्यास आमची हरकत नाही. यात मानपान धरला जाणार नाही." खाली विहीणबाईंचीही सही घ्यावी; आमच्याकडे खरं तर तीच चालेल. रोटाव्हेटर भिलाला तरीही मिळेल, असं एका कोपऱ्यात लिहावं, नाहीतर तो मारणार नाही.

ता. क. तिसरा. हे फक्त आपल्यासाठी. विहीणबाईंना सांगू नये, त्या फोन करतील, आणि प्रमिलाबाईंना यातलं काही माहीत नाही. रिबेकाबाईंनी त्याच फोनवर दुसरंही एक विचारलं होतं. चौघांतला एक जावई, त्याला कोणी हात लावायचा नाही, हाच नियम छापायचा. उल्का, बर्फ, ग्रह सगळं काढून टाकायचं. खेळ त्यांचा, आणि पैसे लगेच. मी नाही म्हणालो. आपल्या दोन ओळींची वाट मी किती मोलाची पाहतो आहे ते कळावं म्हणून आकडा लिहितो: एक लाख चाळीस हजार रुपये.