काळजाची नवी झडप

पुणे

सौ. कुशास,
युवराज, आईला मोठ्यानं वाचून दाखव.

आपरेशनला पंधरा दिस झालं. आज आपली छकुली जिना चढली, धाप लागली न्हाय!

डाक्टरनं चित्र काढून दावलं. काळजात चार खोल्या असत्यात. उजवीकडनं रगत फुफ्फुसात जातं, तितनं डावीकडं येतं, मग अंगभर. छकुलीची डावीकडची झडप मिटत नव्हती, रगत माघारी गळायचं. आपल्या विहिरीत पंपाच्या पायपाचा फुटव्हॉल्व्ह गळतो नि पाणी माघारी जातं, तसंच की! मी इचारलं, "मग गळती बुजवाया आमच्यावानी शेणकाला वतला का?" डाक्टर पोट धरून हसला. नवी झडप बसवलीया. गोळी मातुर जलमभर, एक दिस चुकवायची न्हाय.

तू जेवतीस ना? मी रडलो न्हाय. थोडाच.

सोमवारी येतो. झडप घड्याळावानी टिकटिक करती. लपाछपीत आता छकुली लगीच घावंल.

मानसिंग