निळा रंग

पोर्ट व्हिला,
१९ ऑक्टोबर

प्रिय गराएदादा,

घरी सगळे बरे असतील. आम्ही इथे ठीक आहोत. धाकटीचा खोकला गेला. वहिनींनी दिलेला टारोचा कंद विमानातून उतरताना थोडा चेपला होता, पण किसून पानात भाजल्यावर लापलाप चांगलं झालं. बोटीच्या कप्तानाकडे हे पत्र आणि एक मोठं खोकं देतो आहे. खोक्याबरोबर एक माणूस येईल, त्याला दोन दिवस आपल्याकडे झोपायला जागा दे. खोक्याचं पुढे सांगतो.

बाबा गेल्याच्या दहाव्या दिवशी मी पोचलो तेव्हा तू आधी माझ्या हनुवटीकडे पाहिलंस. "दाढी करून आलास?" एवढंच म्हणालास. आत्या मात्र थांबली नाही. "या साहेब! सगळ्या देशाचे फोन तुमच्या हातात, आणि बापाची बातमी बोटीने?" सगळे हसले, मीही हसलो. दादा, निरोप मला नवव्या दिवशी मिळाला. दुसऱ्या दिवशी पहाटे विमान होतं आणि शंभर दिवस दाढी ठेवायची हे विसरून हात सवयीने वस्तऱ्याकडे गेला. हे खरं आहे, पण सगळं खरं एवढंच नाही.

माझं काम तुला नीट कधी सांगितलं नाही. बाहेरच्या देशांतल्या कंपन्यांनी इथे पैसा घालावा म्हणून आम्ही एक पुस्तिका काढतो. समुद्राखालची केबल कुठे येते, इंटरनेट किती वेगाचं, कुठल्या बेटावर फोन लागतो, असं सगळं त्यात असतं. मधल्या पानावर नकाशा आहे. फोन लागतो तिथे निळा रंग, लागत नाही तिथे पांढरा. तो नकाशा मी रंगवतो.

गेल्या नाताळात बाबा मला डोंगरावरच्या टॉवरपाशी घेऊन गेले होते. वादळानंतर बॅटऱ्या मेल्या त्या मेल्याच. खांबावर थाप मारून म्हणाले, "उंच आहे, पण मुका आहे. तुमच्या हापिसात सांग." मी सांगितलंही. मोठ्या साहेबांनी विचारलं, "टॉवर उभा आहे ना?" मी म्हटलं, आहे. "मग निळा." मी निळा केला. पांढरं बेट बघून कोण पैसा घालणार, असं मलाही वाटलं होतं. कंपन्या आल्या की बॅटऱ्याही येतील, अशी मी माझी समजूत घातली.

बाबा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी इथे एका हॉटेलात तोच नकाशा दाखवत होतो. ऑस्ट्रेलियाहून आलेला एक गृहस्थ म्हणाला, "तुमचं गाव कुठलं? अरे वा, निळं! लावा की फोन घरी." मी म्हणालो, "आत्ता सगळे टारोच्या वाफ्यात असतील." लोक कौतुकाने हसले. तुम्ही त्या वेळी बाबांवर माती लोटत होतात, हे मी नंतर तारखा जुळवून पाहिलं.

दवाखान्यातला रेडिओ मे महिन्यात काढून नेला, तेव्हा तू बोटवाल्याशी भांडला होतास. तो म्हणाला होता, वरून हुकूम आहे. दादा, आरोग्यवाल्यांनी आमचाच नकाशा पाहिला. निळ्या गावांना रेडिओ कशाला, म्हणून यादी केली आणि खात्रीसाठी आमच्याकडे पाठवली. यादीत आपलं गाव चौथं होतं. मी ते वाचलं. नकाशा चुकीचा आहे म्हणायला लागलं असतं, म्हणून काही म्हटलं नाही. खाली सही माझी आहे.

कबरीपाशी तू म्हणालास, "दोन दिवस छातीत दुखत होतं. मी डोंगरावर हात वर करून उभा. फोनवर नेटवर्कची एक दांडी येईना." आणि मग जेवताना दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "रेडिओ असता तर विमान मागवलं असतं." मी हातातलं ताट खाली ठेवलं नाही. खात राहिलो.

नव्या पुस्तिकेत आपलं गाव पांढरं आहे. साहेब माझ्याशी बोलत नाहीत. खोक्यात तो रेडिओ आहे, तोच, मागच्या बाजूला बाबांनी रंगाने काढलेली खूण तशीच आहे. बरोबरचा माणूस तो दवाखान्यात जोडून देईल. यामुळे काही फिटतं असं मी म्हणत नाही.

आज सत्तरावा दिवस. दहाव्या दिवसापासून मी वस्तरा लावलेला नाही. शंभराव्या दिवशी तुम्ही सगळे दाढ्या उतरवाल, तेव्हा तुझ्या शेजारी बसायला येऊ का, हे तू सांगायचंस. आत्याला आणि नर्सबाईंना हे पत्र वाचून दाखव. मग रेडिओ लाव. रोज सकाळी आठ वाजता मी इथल्या रेडिओशी बसलेला असेन.

येऊ नकोस म्हणायचं असेल, तरी तूच म्हण. दुसऱ्या कोणाला बोलायला लावू नकोस.

अजून दाढी न केलेला,
तुझा धाकटा,
टोआ