पहिल्या उड्डाणातली माझी जागा

बेंगळुरू

सौ. उमादेवीस, खुशाली वाच.

इथं विमानाच्या कारखान्यात माझ्या हातानं झालं ते असं: विमानाच्या मोटरीत तांब्याच्या तारेचं वायंडिंग, वायरी धरायची पट्टी आणि रोज दोन भाकरी, पैकी एक गोल.

चढताना ही मोटर इंजिनाला जोर देते, म्हणून तेल कमी जळतं, धूरही कमी. तू फोनवर म्हणालीस, "बोअरच्या मोटरी भरणाऱ्यानं आभाळात कशाला जावं हो?" अगं, मोटर वर जाईल, मी खालीच. तुझा गुडघा कसा आहे? उमरग्यात थंडी पडली का?

तुझा,
गौरीशंकर

ता. क. इथले मोठे साहेब म्हणाले, "मोटर किती तापते बघायला पहिल्या उड्डाणात वैमानिकाशेजारी बसा. का, भरवसा नाही?" म्हटलं, "माझ्या वायंडिंगचा लई आहे. बाकीचं विमान तुम्ही बनवलंय." बसायचे पंचवीस हजार देत होते, तरी मी नको म्हटलं.