तिसऱ्या ओळीतला खर्ज

ब्रिस्बेन, ३ नोव्हेंबर १९९३

ती. तोआकासेताईस,
केलेपीचा सा. न. (नमस्कार तुला. वर कुणाला नाही.)

सोबत आमच्या नास्तिक मंडळाच्या मासिकाचा अंक आहे, सातवं पान आधी उघड. बाबांना पक्षाघात झाल्यापासून त्यांची छडी हातात घेऊन तू चॅपलची गाणी बसवतेस, आणि बसवता बसवता लक्षात आलं की आपला देवावर विश्वास उरलेला नाही, कधी गेला तेही आठवत नाही, हे तू ऑगस्टच्या पत्रात लिहिलंस. मी ते वाचून खुर्चीतून उठलोच. इतकी वर्षं मी इथे एकटा ओरडतोय आणि माझी बहीण तिकडे त्यांच्याच घरात आपल्या बाजूची! तेच छापलंय. नाव घातलेलं नाही. ‘हापाई बेटांवरच्या एका चॅपलचा गायकवृंद चालवणारी माझी बहीण’ इतकंच.

जानेवारीच्या प्रार्थना-सप्ताहाला मी येतो. दोघं भर चॅपलमध्ये उभे राहू. रविवारी बोट सोडणं पाप म्हणून आईला दवाखान्यात नेलं नाही आणि सोमवार उजाडेपर्यंत ती उरली नाही, हे कुणीतरी त्यांच्या तोंडावर बोलायला हवं.

बाबांना माझ्या वतीने हात लाव.

तुझा,
केलेपी

---

हापाई, १९ नोव्हेंबर १९९३

चि. केलेपीस,
अनेक आशीर्वाद. ते माझे आहेत, मधे कुणी लागत नाही, तेव्हा नाक मुरडू नकोस.

तू पाठवलेला अंक हातात पडण्याआधीच इथे दुसरा पोचला होता. गायकवृंदातल्या लेसिएलीला तिच्या मुलीने तिथून पाठवला, लेसिएलीने बाजारात वाचून दाखवला. नाव घातलं नाहीस म्हणतोस. अरे, हापाईत चॅपलचा गायकवृंद चालवणाऱ्या बायका किती? एक.

मंगळवारी पाद्रीबाबा आले. चहा घेतला, बाबांची चौकशी केली, माझ्या शाळेचं छप्पर गळतं का विचारलं. मग अगदी हळू म्हणाले की येत्या रविवारी उभी राहून ‘असं काही नाही, माझा विश्वास आहे’ एवढंच म्हण, आम्ही पुन्हा विषय काढणार नाही. नाही म्हटलं तर छडी ठेवावी लागेल. मी रविवारपर्यंत वेळ मागितला.

तुला ठाऊक आहे काय पणाला लागलंय. बाबांनी आजारी पडण्याआधी रचलेलं शेवटचं गाणं या जानेवारीत पहिल्यांदा गायचं आहे. त्यांना बोलता येत नाही. ते पुढे चटईवर बसतात आणि उजव्या हाताचं एक बोट गुडघ्यावर ताल धरतं. त्या बोटाची लय मला कळते. दुसऱ्या कुणाला कळेल का, ठाऊक नाही.

आणि तू मला तुझ्या बाजूला मोजलंस. मी तिथे नाही रे. जो जेवायला आलाच नाही त्याच्यावर मला रागावता येत नाही. तू मात्र रोज त्याच्या पानासमोर बसून त्याच्याशी भांडतोस. तुझ्याकडे कारण आहे, ते मी नाकारत नाही. त्या रविवारी बोट न सोडणाऱ्या नावाड्याला मीही अजून ओळख देत नाही. पण सोमवारी आईचा देह खांद्यावर घेऊन ओहोटीच्या चिखलातून चालणारी माणसंही हीच होती, आणि ती वाटेत गात होती. त्यांचं गाणं काढून घ्यावं असं मला कधी वाटलं नाही.

हे खरं, की सोयीचं? मी भित्री आहे म्हणून असं म्हणते का? आठ दिवस स्वतःला विचारते आहे. उत्तर दर वेळी वेगळं येतं.

रागावले आहे. तरी लोभ आहे तिथेच आहे.

तोआकासे

---

हापाई, ३० नोव्हेंबर १९९३

केलेपी,
आत्याचा आशीर्वाद. लायकी नाही, तरी घे.

त्या रविवारी तुझी बहीण उभी राहिली. म्हणाली, माझा विश्वास आहे असं मला म्हणता येत नाही. ज्यांचा आहे त्यांचं चुकतं असंही म्हणता येत नाही. म्हणून या दोन्हीतलं मी काही म्हणणार नाही. आणि छडी टेबलावर ठेवून मागच्या बाकावर जाऊन बसली. मला वाटलं होतं, पोरगी एक वाक्य बोलून मोकळी होईल. मी असते तर झाले असते.

छडी आता गायकवृंदातल्या फेलेतीकडे आहे. डास मारल्यासारखी हलवतो.

तू तिकडे बसून काडी लावलीस आणि शेकत बसलास. भावाच्या मुलांवर आत्याचा शब्द चालतो, हे विसरला नसशील तर ऐक. जानेवारीत ये. तोंड घेऊन येऊ नकोस, गळा घेऊन ये. चॅपलमध्ये भाषण ठोकलंस तर देव बघून घेईल, पण त्याच्याआधी मी बघून घेईन.

येताना माझ्या गुडघ्याचं मलम आण. लाल झाकणाचं.

आत्या

---

ब्रिस्बेन, १४ डिसेंबर १९९३

ती. ताईस,
सा. न.

आत्याचं पत्र आलं. काय लिहू? तुला हातात घेऊन मी त्यांच्यावर फेकलं, आणि फेकताना तुझ्याकडे पाहिलंही नाही. चुकलो.

मतं तीच आहेत. जन्मभर भांडेन. तुझ्या हातातली छडी काढून घेणारेही तेच, हे तू विसरलीस तरी मी विसरणार नाही. पण तुझं भांडण मी भांडायला नको होतं.

येतोय. आत बसणार नाही, बाहेर नीरफणसाच्या झाडाखाली उभा राहीन. भाषण नाही.

एक विचारायचं होतं. हसू नकोस. बाबांचं ते गाणं मागच्या खेपेला मी तुझ्याकडच्या त्यांच्या वहीत पाहिलं होतं. कारखान्यात यंत्राच्या आवाजात ते आपोआप गुणगुणतो आणि तिसऱ्या ओळीत पुरुषांच्या खर्जात अडकतो. आमच्याकडे तीनला सा धरून चाल आकड्यांत लिहितात, हे इथल्या पोरांना सांगितलं तर म्हणतात, मग एक आणि दोन कुठे गेले? त्यांना काय सांगणार. तेवढे आकडे पाठव. याचा अर्थबिर्थ काही काढू नकोस.

केलेपी

---

हापाई, २७ डिसेंबर १९९३

चि. केलेपीस,
अनेक आशीर्वाद.

अर्थ काढला नाही. पत्र दोनदा वाचलं, एवढंच.

छडी मला परत मिळालेली नाही, मिळेल असंही दिसत नाही. मागच्या गुरुवारी फेलेती वही घेऊन घरी आला. बाबांचं अक्षर त्याला लागत नाही, तेव्हा चॅपलमधल्या फळ्यावर आकडे लिहून द्याल का म्हणाला. गेले. पाद्रीबाबा दारात होते. त्यांनी पाहिलं, आणि खडू संपत आला होता तर नवा आणून ठेवला.

तालमीत मी बायकांत बसते. शब्दांत विश्वासाची ओळ येते तिथे ओठ मिटून घेते. लेसिएली शेजारीच असते. तिथे ती जरा मोठ्याने गाते. माझ्या वाटचंही असावं.

बाबांचं सांगायचं राहिलं. फेलेतीच्या पहिल्या तालमीत दुसऱ्याच ओळीला त्यांचं बोट थांबलं. मला वाटलं, संपलं. फेलेतीलाही ते दिसलं. त्याने छडी खाली केली, त्यांच्यासमोर चटईवर बसला आणि बोट पुन्हा हलेपर्यंत थांबला. आता तो छडीकडे बघतच नाही, बोटाकडे बघतो. लय बरोबर आहे. मी चालवत असताना होती त्याहून बरी, असं प्रामाणिकपणे लिहायला हवं.

खर्ज असा:

३ ३ ५ ६ । ४ ७ ३

सहानंतर चार. अशा जागी तू लहानपणापासून थेट सातावर उडी मारतोस.

चॅपलच्या खिडक्या उघड्या असतात. झाडाखाली उभा राहा हवा तर. खर्ज गाणारी दोनच माणसं उरली आहेत.

मलम विसरू नकोस.

तुझी,
ताई