तुमच्या नावाचा निधी

अहो,

आल्या आल्या लिहायला बसलेय, पायसुद्धा धुतले नाहीत. सुमनच्या वहीतलं पान फाडलंय. तुमच्या कंपनीतून आलेय मी आणि डोकं नुसतं भणभणतंय. कुणाला सांगू? तुम्हालाच ऐकावं लागेल. नाहीतरी माझं सगळं गप्प बसून ऐकून घ्यायचात!

आज तुमच्या फोटोला हार घातला त्यांनी. त्याच माणसांनी!

आठवतं ना? दांडीच्या किनाऱ्यावर वादळात होड्या फुटल्या, तेव्हा कंपनीनं मच्छीमारांसाठी मोहीम काढली. प्रत्येकाचा एक दिवसाचा पगार. कागद आधीच टाईप केलेला, 'स्वखुशीने देत आहे', खाली नुसती सही ठोकायची. ज्या खात्यातले सगळेच्या सगळे देतील त्या खात्याला ढाल, आणि माणशी एक स्टीलचा डबा. तुम्ही सही केली नाहीत. मग लेबर ऑफिसरनं गेटवरच्या फळ्यावर तुमचं नाव लिहिलं, लाल खडूनं, एकट्याचं. जाता-येता सगळ्यांनी वाचावं म्हणून.

मीही तुमच्यावरच ओरडले होते. "एवढे सगळे देतात, तुम्हीच काय आभाळातून पडलाय? टाका की सही!"

तुम्ही पान्हे पुसत म्हणालात, "मागितले असते तर दिले असते गं. माझी खुशी ह्यांनी कशी काय टाईप केली?"

बस्स, एवढंच. दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी तेच पान्हे पिशवीत घालून दांडीला जात होतात, होड्यांची इंजिनं फुकट दुरुस्त करत होतात, ते का नाही सांगितलंत त्या फळ्यापुढं उभं राहून? तुमच्या शेजारच्या मशीनवरचा शिंदे, माझ्या हातची भाकरी मागून खायचा. डबा हुकला म्हणून त्यानं तुमच्याबरोबर जेवायचं सोडलं. महिनाभर एकटे जेवलात आणि मला कळूसुद्धा दिलं नाहीत. राग येतो हो तुमचा. अजून येतो. एवढं सोसायचं कशाला?

त्यांच्यामुळं गेलात असं मी म्हणणार नाही. छातीत कळ आली, बोईसरचा दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. पण तेरावा झाला नाही तोच लेबर ऑफिसर सरावलीला आपल्या खोलीवर हजर. "वहिनी, कामगारांनी प्रेमानं तुमच्यासाठी निधी जमवलाय. तुमच्या मिस्टरांच्या नावानं."

मी रडले. खरंच रडले! वाटलं, शेवटी माणसांना तुमची किंमत कळली. सुमनचं दहावीचं वर्ष, खोलीचं भाडं, मला तर पुढचा महिना दिसत नव्हता. हो म्हटलं. अशी कशी भोळी मी!

काल लहानू आला, बेटेगावाहून चालत. तुमच्या हाताखालचा, कंत्राटावरचा. शेवग्याच्या शेंगा दारात ठेवल्या आणि उभाच राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

"वयनी, राग नको करू. आमचा पन पगार कापला. नाय बोललो तं गेटातून घेनार नाय, आसा सांगला." मग खाली बघत म्हणाला, "दादासाटी आमी न सांगता दिला आसता. पन आता घरात तांदूळ नाय हाय. थोडे दिसांनी दिला आसता."

मला तुमच्या फोटोकडं बघवेना. तुमच्याच नावानं! ज्यानं सही केली नाही त्याच्या नावानं ह्या गरिबाचा तांदूळ काढला!

आज कॅन्टीनमध्ये कार्यक्रम. स्टेज, माईक, हार. लेबर ऑफिसर म्हणाला, "ही परंपरा आपण दरवर्षी चालू ठेवू." टाळ्या! माझ्या हातात पाकीट दिलं, वर कुणी किती दिले त्याची यादी टाचलेली. फोटोवाला म्हणतोय, "बाई, जरा इकडं बघा." वाटलं, तोंडावर फेकावं त्यांच्या. पण फेकलं असतं तर परत त्यांच्याच कपाटात गेलं असतं. म्हणून घेतलं, नमस्कार केला आणि सरळ गेटवर जाऊन उभी राहिले.

तीनचा भोंगा झाला, पाळी सुटली. यादीतलं एकेक नाव घेतलं आणि ज्याचे पैसे त्याच्या हातावर ठेवत गेले. लेबर ऑफिसर धावत आला. "बाई, हे काय चाललंय? सगळ्यांनी स्वखुशीनं दिलेत!"

म्हटलं, "मग घाबरता कशाला? खुशी असेल तर परत देतील की!"

शिंदे आला, मान खाली. "वहिनी, माझे राहू द्या. मी मनापासून..."

"आधी हातात घ्या. मग काय ते करा."

घेतले. मग खिशात घातले आणि निघून गेला.

बऱ्याच जणांनी खिशात घातले. वाईट वाटलं का? वाटलं, तुमच्याशी खोटं कशाला बोलू. सुमनची फी डोळ्यापुढं नाचत होती. पण काही जणांनी घेतले आणि परत माझ्या हातात ठेवले. लहानूनं एक नोट कनवटीला लावली, एक माझ्यापुढं धरली. आज तो माझ्या डोळ्यांत बघत होता. मी ती घेतली आणि अजिबात लाजले नाही.

दरवर्षी करणार म्हणाले ना? करू देत! दरवर्षी त्या दिवशी तीनच्या भोंग्याला मी गेटवर असेन. बोलावलं नाही तरी असेन. पाकीट हातात दिलं तर वाटून टाकीन, नाही दिलं तर ज्यांचे ज्यांचे कापले त्यांची नावं मोठ्यानं वाचीन, पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी. तुम्ही गप्प बसलात. मी बसणार नाही, तुमची शप्पथ.

तुमचीच,
मंगल