पेटीला कुलूप

३ नोव्हें.
जाहीर निषेध. आजाऱ्याला भेटायला येताना मोसंबीच आणावीत, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? फ्रिजमध्ये दुधाला जागा नाही. ताईला घोटभर पाणी गिळवत नाही, मग रस कोण पिणार? कॅन्सर तिला, ॲसिडिटी मला.

५ नोव्हें.
डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. ताई म्हणाली, "बरं झालं. पेटीचं बघ."
म्हणजे शवपेटीचं. उल्हासनगरहून फर्निचरवाला शेठ बेलवलीला आमच्या घरी आला. ताईची पलंगावरूनच घासाघीस.
"दीदी, ऐसा मत बोलो."
"माप घ्या हो. आणि खिळे बेताचेच ठोका, उठायचंय मला."
शेठ माझ्याकडे बघतो. मी पंख्याकडे.

८ नोव्हें.
पेटी आली. शेठच्या माणसांनी कपाटाच्या सवयीने कुलूप बसवलंय! ताई खोकला येईस्तोवर हसली. "काढायला लाव. मरणाच्या किल्ल्या ज्या प्रभू येशूकडे आहेत, त्याच्यापुढे हे कसलं कुलूप?"
मग एकदम, "कबरीपाशी गीत तू उचल. पुनरुत्थानाचं. ढोलकी हवी. रडकं चालणार नाही."
मी! मागच्या बाकावर बसून पाळकसाहेबांच्या उपदेशावर शेरे मारणारा.
"खरं वाटत नसेल तर नको गाऊस, बाबू. दुसऱ्याला सांगते."
हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.

११ नोव्हें.
ताई गेली. पहाटे. हात माझ्या हातात. शेवटचं बोलणं : "चहा घेतलास का?"

१२ नोव्हें.
माती दिली. सगळे मुसमुसत. मामेभावाने रडकं गीत लावायला तोंड उघडलं, त्याच्याआधी मी उचललं. पट्टी भलतीच वर, आवाज फाटला. ढोलकीने सांभाळून घेतलं. पांढऱ्या साड्यांतल्या बायका आधी गप्प, मग टाळ्या. दुसऱ्या कडव्याला अख्खी मंडळी तारस्वरात. फावडंवाला मला विचारतो, "लगीन हाय का काय?"
"तसंच समजा."
मरण तिथे खड्ड्याशी उभं, आणि त्याला कोणी विचारीना. आज शेरा सुचला नाही.

१५ नोव्हें.
घर फार मोठं झालंय.
खालच्या म्हात्रेवहिनींकडून ताईने पाहुण्यांच्या चहासाठी वाटीभर साखर आणवली होती, आज कळलं. घेऊन गेलो.
"ऱ्हाऊ द्या ना भावजी." मग हळूच, "ताई परत भेटतील, असं खरंच वाटतं तुम्हाला?"
"आज वाटतं, वहिनी. उद्याचं उद्या बघू."
त्या डोळे पुसायला वळल्या. भरलेली वाटी ओट्यावर ठेवली आणि वर आलो.